टोरंटोच्या बर्फात कुठले टायर, चिपळूणच्या पावसात कुठले?

प्रश्न: मी एसटीतून निवृत्त झालेला चालक. नोकरीची बरीच वर्षं चिपळूण-कराड मार्गावर गेली. मुलगी आणि जावई या उन्हाळ्यात कॅनडात टोरंटोजवळ राहायला गेले. तिथे त्यांनी जुनी गाडी घेतली, तिला ऑल-सीझन टायर आहेत. जावई म्हणतात, शहरातले रस्ते साफ करतात, मीठ टाकतात, शिवाय गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, तेव्हा हेच टायर पुरेत. मुलगी म्हणते, हिवाळ्यासाठी वेगळे स्नो टायर घ्यायचेच. दोघांनी मला पंच नेमलंय आणि मी बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधला. माझं मत असं, की चालवणारा नीट असेल तर टायरचं एवढं कौतुक नको. दुसरं म्हणजे माझ्या स्वतःच्या छोट्या गाडीचे टायर पाच वर्षांचे झालेत. वाडीतला एक जण सांगतो, ते बर्फाचे टायर मऊ असतात, पावसात रस्त्याला चिकटून बसतात, मुलीला येताना दोन आणायला सांगा. सांगू का? आणि डिसेंबरात आम्ही उभयता तिकडे जाणार आहोत. मी तिथे गाडी चालवावी का?
– एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर: नमस्कार. पंचांचा निकाल आधी सांगून टाकतो. मुलीचं बरोबर आहे. चार विंटर टायर, शक्यतो वेगळ्या रिमवर बसवलेले, आणि ते नोव्हेंबरातच गाडीला लागलेले बरे. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्यांची समजूत कशी घालायची हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पण त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या मताबद्दल. भर जुलैत, पुढचं काही दिसत नसताना, भरलेली गाडी कुंभार्ली घाटातून खाली आणणाऱ्या माणसाला ‘चालक महत्त्वाचा’ हे मी काय सांगणार! पण तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होता? वरूनच गिअर खालचा, वेग कमी, ब्रेकवर भार कमी, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त. ओल्या रस्त्यावर टायर जेवढी पकड देतोय तेवढ्यातच गाडी बसवत होता. ती पकड मुळात किती असणार, हे मात्र रबर आणि रस्ता ठरवत होते. चिपळूणच्या पावसात ती निम्म्यावर आली तरी पुष्कळ उरते. बर्फावर उरतच नाही, हा सगळा फरक.

ढोबळ हिशेब देतो. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात ब्रेक लागल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत कोरड्या डांबरावर साधारण १२ मीटर जातात, म्हणजे तुमच्या एका लाल गाडीची लांबी. ओल्या रस्त्यावर टायर बरे असतील तर वीसेक मीटर. दाबून बसलेल्या बर्फावर पकड कोरड्याच्या पावपट धरली, तर पन्नासच्या आसपास. आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर शंभराला टेकतं, एकामागे एक आठ एसटी उभ्या केल्या तर होईल तेवढं. यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही. चौकात सिग्नल लाल झालाय, समोर माणसं रस्ता ओलांडतायत आणि गाडी सरळ रेषेत, शांतपणे, पुढेच चाललीय. अशा वेळी तीस वर्षांचा अनुभवही स्टिअरिंग धरून बसण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही.

आता टायर. जावयांच्या गाडीला जे ऑल-सीझन आहेत त्यांचं रबर उन्हाळ्यातही झिजू नये आणि हलक्या थंडीतही चालावं, अशा बेताने बनवलेलं असतं. हवामान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते ताठर व्हायला लागतं. हा ७ चा आकडा काही भिंत नव्हे, ६ वर टायर एकदम दगड होत नाही. पण त्या सुमारापासून फरक जाणवू लागतो आणि पारा खाली जाईल तसा वाढत जातो. ताठर रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरत नाही, वरून घसरतं. विंटर टायरच्या रबरात सिलिका आणि इतर घटकांचा मेळ असा घातलेला असतो, की उणे वीसलाही ते लवचिक राहतं. म्हणजे रस्त्यावर बर्फाचा कण नसला, नुसतीच कडाक्याची थंडी असली, तरी विंटर टायर उजवा ठरतो. ‘रस्ते साफ करतात’ या मुद्द्याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. रस्ता साफ झाला म्हणून हवा गरम होत नाही.

उरलेलं निम्मं असं: बर्फ ढकलणाऱ्या गाड्या आधी महामार्ग, मग मोठे रस्ते आणि सगळ्यात शेवटी वस्तीतल्या गल्ल्या साफ करतात. सकाळी कामावर निघायचं ते गल्लीतूनच. आणि साधं मीठ उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही. शून्याच्या आसपास दुपारी वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं आणि डांबरावर असा पातळ थर धरतं, की रस्ता नुसता ओला वाटावा. तिकडे त्याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. पूल, उड्डाणपूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो.

विंटर टायरचं दुसरं वैशिष्ट्य तुम्हाला गमतीचं वाटेल. आपल्याकडे जांभ्याची लाल माती खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो आणि गाडी वाहायला लागते. त्यामुळे खाचा मोकळ्या राहणारा टायर तो चांगला, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बर्फात उलट आहे. विंटर टायरच्या खाचा बर्फ मुद्दाम धरून ठेवतात, कारण बर्फाला सगळ्यात चांगला धरतो तो बर्फच. मुलं गोळे करतात तेव्हा दाबलेला बर्फ एकमेकांना चिकटतो, तेच इथे होतं. शिवाय प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. ब्रेक लागला की त्या उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात आणि वरची पाण्याची पातळ फिल्म शोषून घेतात. शून्याजवळचा बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो तो या पाण्यामुळेच. वेगळा हिवाळी टायर ही कल्पनाही नवी नाही. नोकियन या फिनलंडच्या कंपनीने १९३४ साली तो पहिल्यांदा काढला, तोही ट्रकसाठी. तुमच्याच व्यवसायातल्या लोकांची ती गरज होती.

ऑल-व्हील ड्राइव्हचा मुद्दा मात्र मी खोडूनच काढतो, कारण यात भलेभले फसतात. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला तर गाडी बर्फातून लवकर सुटते, चढ चढते. थांबताना त्याचा उपयोग शून्य. ब्रेक तर प्रत्येकच गाडीला चारही चाकांना असतात. वळणावरही तेच. उलट असं होतं, की सुरुवातीला गाडी छान पळते, चालवणाऱ्याला वाटतं रस्ता बरा आहे, आणि ब्रेक दाबल्यावर कळतं की तो बरा नव्हता. एबीएसचंही तसंच: चाकं जाम होऊ देत नाही, स्टिअरिंग ताब्यात ठेवतं, पण नसलेली पकड आणून देत नाही.

जावयांच्या बाजूने बोलायचं तर ते ज्या ऑन्टॅरिओ प्रांतात राहतात तिथे विंटर टायर कायद्याने सक्तीचे नाहीत आणि कित्येक जण ऑल-सीझनवर हिवाळा काढतात. शेजारच्या क्युबेकमध्ये मात्र १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे. ऑन्टॅरिओने वेगळी वाट धरली. तिथल्या वाहन विमा कंपन्यांना विंटर टायर लावणाऱ्याला हप्त्यात सवलत द्यावीच लागते, २०१६ च्या जानेवारीपासून. ही सवलत मागावी लागते, आपण होऊन कोणी देत नाही. जावयांना बहुधा सगळ्या युक्तिवादांपेक्षा हीच ओळ पटेल.

पैशाचा हिशेबही वाटतो तेवढा वाईट नाही. दोन संच घेतले म्हणजे खर्च दुप्पट, असं लगेच मनात येतं. पण विंटर टायर चालू असताना ऑल-सीझनचा संच घरात पडून असतो, झिजत नाही. दोन्ही मिळून जास्त वर्षं जातात. खरा जादा खर्च म्हणजे रिमचा दुसरा संच आणि वर्षातून दोनदा चाकं बदलायची मजुरी. साध्या लोखंडी रिम घ्याव्यात. तिकडच्या मिठाने चांगल्या अलॉयची वाट लागते. एकाच रिमवर टायर दर वेळी काढायचे-चढवायचे ठरवलं तर मजुरी वाढते आणि टायरच्या कडाही दुखावतात. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर तिकडची टायरची दुकानं भाडं घेऊन संच सांभाळतात.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर एक खूण बघायला सांगा: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. ती असेल तर तो टायर दाबलेल्या बर्फावरच्या पकडीच्या चाचणीत उतरलेला आहे. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्याला फार अर्थ नाही. खाचांची रचना विशिष्ट प्रकारची असली की ती अक्षरं लावता येतात, त्यासाठी बर्फावर टायर फिरवून बघावा लागत नाही. जावयांच्या ऑल-सीझनवर बहुधा हीच अक्षरं असतील आणि त्यांचा भरवसाही त्यावरच असेल. जर्मनीतही पूर्वी ‘एम+एस’ चालायचं. ऑक्टोबर २०२४ पासून डोंगराची खूण नसलेला टायर तिथे हिवाळी धरत नाहीत. आणि हो, डोंगराची खूण म्हणजेसुद्धा काचेसारख्या बर्फाची हमी नाही, ती चाचणी दाबलेल्या बर्फावरचीच असते. लोखंडी खिळे लावलेले टायर त्या काचेवर चालतात, पण ऑन्टॅरिओच्या दक्षिण भागात त्यांना परवानगी नाही, तेव्हा तो विषय संपला.

मधला एक मार्ग आहे आणि दोघांत अगदीच तह होत नसेल तर तो सुचवा. ‘ऑल-वेदर’ नावाचे टायर मिळतात. नाव ऑल-सीझनसारखंच वाटतं, पण यांच्यावर ती डोंगराची खूण असते आणि ते वर्षभर ठेवता येतात. कडक हिवाळ्यात ते खऱ्या विंटर टायरइतके धरत नाहीत, उन्हाळ्यात जरा लवकर झिजतात. गाडी फक्त शहरात, तीही कमी चालत असेल आणि दुसरा संच ठेवायला जागा नसेल, तर ते चालतील. मुलीला रोज पहाटे महामार्गाने जायचं असेल तर मी ते सुचवणार नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही तहात मान्य करू नका: पैसे वाचवायला पुढच्याच दोन चाकांना विंटर टायर. इथे तुमची एसटीची सवय आडवी येईल, म्हणून सांगतो. एसटीत पुढे नवे आणि मागच्या जोडचाकांना रिमोल्ड (जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेले), ही रीत तुम्ही नोकरीभर पाहिलीत. ती बसला योग्यच आहे. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं, मागे एका बाजूला दोन चाकं असल्यामुळे एक गेलं तरी दुसरं सांभाळून घेतं. छोट्या गाडीला मागे जोडचाकं नाहीत. पुढचे टायर रस्ता धरतात आणि मागचे सोडतात, तेव्हा वळणावर गाडीचं मागचं अंग बाहेर फेकलं जातं आणि गाडी गरकन फिरते. पुढची चाकं घसरली तर निदान वेग कमी करून गाडी ताब्यात येते. मागची घसरल्यावर सावरणं सराईत माणसालाही जड जातं. म्हणून चारही एकसारखे. आपल्या पावसातही दोनच टायर नवे घ्यायची वेळ आली तर ते मागे लावावेत. दुकानदार बहुतेक वेळा पुढेच लावायला जातो, तेव्हा जवळ उभं राहून सांगा.

जुने विंटर टायर स्वस्तात मिळतात, तिथे हात आखडता घ्यायला सांगा. खाचांची खोली ४ मिलिमीटरवर आली की बर्फासाठी तो टायर संपल्यात जमा. डांबरावर तो चांगला दिसत असला तरी. हवेचंही लक्षात ठेवायला हवं. पारा पाच-साडेपाच अंश उतरला की टायरमधली हवा साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) कमी होते. सप्टेंबरात २० अंशाला भरलेली हवा जानेवारीच्या उणे पंधरात सहा पीएसआयने उतरलेली असते, आणि टायर कुठे पंक्चर नसतो. हवा थंड चाकावरच मोजायची, हे तुम्ही त्यांना फोनवर सांगालच.

आता आपल्याकडे येऊ. वाडीतल्या त्या गृहस्थांचा तर्क ऐकायला सरळ आहे: मऊ रबर जास्त धरतं, विंटर टायर मऊ असतो, म्हणून तो पावसात धरेल. चूक कुठे आहे? मऊ, पण किती अंशाला मऊ? ते रबर उणे दहात जेवढं हवं तेवढं मऊ असतं. आपला पाऊस पडतो तेव्हा हवा २५-२६ अंशांवर असते. त्या उबेत विंटर टायर गरजेपेक्षा जास्त मऊ होतो, चिरा पाडलेले ठोकळे ब्रेक लागल्यावर वाकतात, हलतात आणि थांबायला लागणारं अंतर वाढतं, ओल्यातसुद्धा. एप्रिल-मेच्या तापलेल्या डांबरावर तर तो खोडरबरासारखा झिजेल. दापोलीला जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा एक आकडी होतो खरा, पण दहा वाजेपर्यंत स्वेटर निघतो. कोकणात विंटर टायरला काम नाही. शिवाय तुमच्या गाडीच्या मापाचा टायर तिकडे मिळेल की नाही हा प्रश्न, आणि दोनच आणले तर वर सांगितलेली पुढे-मागेची गडबड. मुलीला सामानात टायर आणायला सांगू नका. तेवढ्या वजनात दुसरं काहीतरी येईल.

तुमच्या गाडीला हवा तो चांगला साधा टायर, आणि तो वेळेत बदललेला. पावसात टायरचं मुख्य काम पाणी बाजूला सारणं. नव्या टायरच्या खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतो, आणि खाचांच्या तळाशी ज्या बारीक आडव्या पट्ट्या असतात त्या तेवढ्याच उंचीच्या असतात. रबर झिजून पट्टीच्या बरोबरीला आलं की टायर बाद. पण ही मर्यादा सगळ्या देशासाठी आहे, जैसलमेरलाही तीच आणि आंबोलीलाही तीच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या आपल्या पट्ट्यात मी ३ मिलिमीटरला टायर बदलतो आणि दुसऱ्यालाही तेच सांगतो. शेवटच्या दीड मिलिमीटरमध्ये वाचणारे पैसे परशुराम घाटात घालवण्याच्या लायकीचे नाहीत.

खाचांना पाणी पेललं नाही की टायर पाण्यावर चढतो, रस्त्याचा स्पर्श सुटतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तुम्हाला हे अनुभवाने ठाऊक असणार. पण यात हवेचा दाबही किती मोठा वाटेकरी आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अमेरिकेच्या नासाने विमानांच्या चाकांवर प्रयोग करून साठच्या दशकात एक सूत्र मांडलं, की हा धोक्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. गुळगुळीत टायर आणि पुरेसं पाणी धरलं तर ३२ पीएसआयला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, आणि हवा २० वर उतरली तर ७५. ‘पावसात हवा जरा कमी ठेवली की गाडी रस्ता धरते’ असं सांगणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांचं ऐकू नका. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला आकडा, तेवढीच हवा.

जाड खाचांचे, जीपसारखे दिसणारे ऑल-टेरेन टायर सध्या आपल्याकडे फॅशन म्हणून लागतायत. आंब्याच्या बागेत चिखलातून गाडी न्यायची असेल तर ठीक. ओल्या डांबरावर मात्र त्यांचे मोठे ठोकळे साध्या टायरपेक्षा कमीच धरतात, आवाज करतात आणि पेट्रोल पितात. मूळ मापापेक्षा रुंद टायरही नको. तेवढंच वजन जास्त रुंदीवर पसरलं की पाण्यावर चढायला टायर आणखी तयार. एका बाबतीत काळ बरा आलाय: आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या टायरना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान पातळी आता नियमानेच गाठावी लागते. नव्या रचनेच्या टायरना ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीच्या रचनांना एप्रिल २०२३ पासून. तेव्हा नामांकित कंपनीचा, मूळ मापाचा, भार आणि वेगाचा आकडा मूळ टायरइतका किंवा वरचा, असा घेतलात की फारसा घोळ होत नाही.

तुमचे टायर पाच वर्षांचे आहेत म्हणता, ते खरेदीच्या तारखेवरून की टायरवरून? बाजूला ‘डॉट’नंतर जे लांबलचक लिहिलेलं असतं त्यातले शेवटचे चार आकडे बघा. २३२० असेल तर २०२० सालचा तेविसावा आठवडा. गाडी अंगणात उन्हात उभी राहत असेल तर रबर वयाच्या आधीच म्हातारं होतं. बाजूला, खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या तर आता लगेच बदला, खोली कितीही शिल्लक असो. भेगा नसतील आणि ३ मिलिमीटरच्या वर खोली असेल, तर घाई करू नका. पाऊस सरलाय. हा हिवाळा-उन्हाळा त्यांच्यावर काढा आणि मेच्या शेवटी, मिरगाच्या आधी नवे घ्या, म्हणजे पूर्ण खोलीचे टायर पहिल्या पावसाला मिळतील. घेतानाही ते चार आकडे वाचून घ्या. दुकानात दोन वर्षं पडून असलेला माल नवा म्हणून गळ्यात मारतात. समुद्राजवळ वारंवार जाणं असेल तर रिमची कडही बघायला सांगा. खाऱ्या हवेने तिथे गंज धरतो, टायर नीट बसत नाही आणि हवा रोज थोडी थोडी जाते. मग माणूस पंक्चर शोधत बसतो.

पहिल्या सरीला डांबरावरचं तेल आणि धूळ एकत्र होऊन जो साबण तयार होतो, त्यावर, आणि वाडीच्या सावलीतल्या रस्त्यावर ऑगस्टात जे शेवाळ धरतं त्यावर, कुठलाही टायर आणला तरी फरक पडत नाही. तिथे तुमचंच मत खरं: चालक हवा.

राहिला डिसेंबर. तीन महिन्यांच्या आतल्या मुक्कामात ऑन्टॅरिओत आपल्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते. तरी निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. आपल्या लायसन्सवरचा मजकूर वाचायला तिथल्या पोलिसालाही सोपं जातं. जावयांच्या विमा कंपनीला मात्र तुमच्याबद्दल आधी कळवायला हवं. तिथे उजव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंग डावीकडे, ही अडचण तुम्हाला दोन दिवसांत सुटेल. बर्फाची सवय व्हायला वेळ लागेल, कारण तुमचा पाय ज्या क्षणी ब्रेक मागेल तो क्षण तिथे उशिराचा असतो. एखाद्या रविवारी सकाळी मोकळं पार्किंग बघून मुलीला घेऊन जा. ताशी वीस-तीसच्या वेगात ब्रेक जोरात दाबा. पायाखाली पेडल थरथरेल, खडखड आवाज येईल. ते एबीएसचं काम चाललेलं असतं, पाय उचलायचा नाही. मग तेच वळणावर करून बघा. चढावर सुटताना हलका पाय, उतारावर खालचा गिअर, पुढच्या गाडीपासून कुंभार्लीत ठेवत होता त्याच्या दुप्पट अंतर. हे जमलं की गल्लीतल्या दुकानापर्यंत गाडी न्या. हायवेवर मुलगीच चालवू दे, तुम्ही शेजारी बसा. आणि शेजारी बसल्यावर पायाने ब्रेक दाबू नका. निवृत्त चालकांच्या शेजारी बसून गाडी चालवणं काय असतं, ते मी घरी भोगलेलं आहे.